जेद्दा किती लांब?

मुंबई ते जेद्दा अंतर किती, असे वर्गात विचारले की हल्ली कुणी नकाशा उघडत नाही. सातवीतले पोर घरी जाऊन वडिलांच्या मोबाईलवर बोट फिरवते आणि दुसऱ्या दिवशी वहीत उत्तर लिहून आणते : साडेतीन हजार किलोमीटर, सव्वापाच तास. उत्तर बरोबर असते. दोन्ही विमानतळांमधले अंतर सरळ रेषेत मोजले तर सुमारे ३,५२० किलोमीटर भरते. मधे न थांबणारे विमान सव्वापाच ते साडेपाच तासांत तेथे पोहोचते आणि येताना पावणेपाच ते पाच तास घेते.

पण आपल्या घरांत हा प्रश्न भूगोलासाठी क्वचितच विचारला जातो. अम्मी-अब्बा उमऱ्याला निघालेले असतात, तेव्हा विचारला जातो. मुलाला तिकडे नोकरी लागते, तेव्हा त्याची आई विचारते. आणि कधी रात्री-अपरात्री फोन वाजतो, तेव्हा सगळे घर एकदमच विचारते : तो कधी पोहोचेल? या तिन्ही वेळी 'सव्वापाच तास' हे उत्तर अपुरे पडते, आणि तिसऱ्या वेळी तर ते फसवते. म्हणून या महिन्यात त्या सव्वापाच तासांचाच हिशेब मांडायचे आम्ही ठरवले आहे. आमचा पेशा शिकवण्याचा, तेव्हा सुरुवात पोरांपासून.

शाळेत पृथ्वीचा गोल असतो, आणि बहुतेक शाळांत तो कपाटावर धूळ खात असतो. तो खाली काढा. सुतळीचे एक टोक मुंबईवर, दुसरे जेद्दावर धरा आणि ताणा. सुतळी अरबी समुद्र ओलांडून ओमानच्या किनाऱ्याला लागते, रुबउल खालीच्या वाळवंटावरून हिजाजच्या डोंगरांकडे जाते. विमानाची वाट साधारण हीच. हवाई मार्ग ठरलेले असल्यामुळे ते थोडे इकडेतिकडे वळते, एवढेच.

आता एक टोक उचलून नागपूरवर ठेवा आणि दुसरे मक्केवर. नागपूर २१.१ अंश उत्तर अक्षांशावर, मक्का २१.४ अंशावर, म्हणजे जवळजवळ एकाच ओळीत. भिंतीवरच्या नकाशात पाहिले तर मक्का नागपूरच्या थेट पश्चिमेला दिसते. गोलावरची सुतळी मात्र थेट पश्चिमेला जात नाही. ती आधी जरा उत्तरेकडे झुकते, मग खाली येते. नागपूरहून मक्केची दिशा पश्चिमेपासून सुमारे आठ अंश उत्तरेकडे आहे, मुंबईहून सुमारे दहा अंश. विषुववृत्त सोडले तर अक्षांशाची कोणतीही रेषा ही दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट नसते, हे वाक्य पुस्तकात वाचून पोरांच्या डोक्यात शिरत नाही, सुतळीने शिरते. किब्ल्याचे होकायंत्र हेच सांगते आणि वैमानिकाचा नकाशाही हेच सांगतो. (हे वाचून कुणी आपल्या गावच्या मशिदीत सफ वाकडी असल्याचा वाद सुरू करू नये. दिशेच्या बाबतीत उलेमांनी पुरेशी सवलत ठेवलेली आहे.)

मोठ्या वर्गातल्या पोरांना पुढचा प्रश्न घाला. ३,५२० भागिले सव्वापाच म्हणजे ताशी ६७० किलोमीटर. विमान तर ताशी साडेआठशेच्या आसपास उडते, मग बाकीचा वेळ गेला कुठे? तिकिटावरचा वेळ हा विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, वर चढणे, खाली उतरणे, वाट थोडी वाकडी असणे आणि समोरचा वारा, हे सगळे त्यात आले. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीवर.

घड्याळाचे कोडे तर याहून गमतीचे. सकाळी ८ वाजता मुंबईहून निघालेले विमान जेद्दाच्या घड्याळाप्रमाणे पावणेअकराला उतरते. तेथून सकाळी ८ वाजता निघालेले मुंबईत ३ वाजून २० मिनिटांनी. म्हणजे जायला पावणेतीन तास आणि यायला सात तास वीस मिनिटे? दोन्ही घड्याळांत अडीच तासांचा फरक आहे, कारण भारताचे घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आणि सौदीचे ४५ अंशावर. पंधरा अंशांना एक तास. पण हा फरक माहीत नसला तरी कोडे सुटते. दोन्ही आकडे मिळवा : दहा तास पाच मिनिटे. निम्मे करा. एका फेरीचा सरासरी वेळ हाती आला. घड्याळाने जाताना जे चोरले ते येताना परत केले. हे पोरांना स्वतःला सुचू द्यावे, आपण सांगू नये.

रमजानमध्ये दुपारी पश्चिमेकडे निघालेल्या रोजेदाराला याच गणिताचा चटका बसतो. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी पंधराशे-सोळाशे किलोमीटरने पूर्वेकडे फिरते आणि विमान त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक वेगाने सूर्याच्या मागे पश्चिमेकडे धावते. त्यामुळे खिडकीतून पाहणाऱ्याला सूर्य निम्म्या चालीने मावळतीकडे सरकताना दिसतो. मनगटावरच्या घड्याळात घरची इफ्तारीची वेळ होऊन जाते आणि बाहेर लख्ख ऊन असते. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिलेली आहे. वय झालेल्या माणसांनी निघण्यापूर्वी त्याविषयी आपल्या आलिमांशी बोलून घेतलेले बरे.

आता जरा मागे जाऊ. हे अंतर आपल्या आजी-आजोबांनी तासांत मोजलेच नव्हते. समुद्रमार्गे मुंबई-जेद्दा म्हणजे सुमारे २,३०० सागरी मैल, आपल्या भाषेत सव्वाचार हजार किलोमीटरच्या वर; जहाजाला अरबस्तानाला वळसा घालून, एडनवरून, बाबुल मंदबच्या अरुंद तोंडातून तांबड्या समुद्रात शिरावे लागते. जुन्या जहाजांना यासाठी बारा-पंधरा दिवस लागत. 'मोहम्मदी', 'मुजफ्फरी', 'अकबर' ही मुघल लाइनची नावे कोकणातल्या कितीतरी घरांत अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, कारण कुणाची दादी त्यांतून हजला गेली होती आणि कुणाचा नाना त्यांत खलाशी होता. १९९५ मध्ये मुंबईहून हजला समुद्रमार्गे जाणे बंद झाले.

आणि वाफेची जहाजे येण्याआधी? तेव्हा तर अंतर वाऱ्याच्या हाती होते. 'मौसिम' हा अरबी शब्द. ठरलेला काळ, हंगाम, असा त्याचा अर्थ. हजच्या दिवसांनाही अरबीत मौसिमच म्हणतात आणि समुद्रावरच्या ठरावीक काळच्या वाऱ्यांनाही तेच नाव पडले. आपले 'मोसमी वारे' तेथूनच आले आणि इंग्रजांचा मान्सूनही त्याच घरचा. गंमत अशी की हे दोन मौसिम एकमेकांशी कधी जुळत नसत. वारे सूर्याच्या वर्षाप्रमाणे चालतात. सुरतेची शिडाची जहाजे साधारणपणे उन्हाळ्याच्या तोंडाशी, ईशान्येचा वारा संपण्याआधी निघत आणि पावसाळ्याच्या उतरणीला नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परतत. हज मात्र चंद्राच्या वर्षाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे एखाद्या पिढीला जहाजातून उतरताच थोड्या दिवसांत हज मिळे, तर दुसऱ्या पिढीला तेथे पोहोचून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. तेहतीस वर्षांत हे चक्र फिरून पुन्हा जागेवर येई. दोन शहरांमधले अंतर तेच, समुद्र तोच, पण ते पार करायला तीन महिने लागतील की वर्ष, हे तुम्ही कोणत्या साली जन्मलात यावर! अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम १५७६ मध्ये सुरतेहून निघाली. तिने तेथे चार हज केले, परतीच्या वाटेवर एडनजवळ तिचे जहाज फुटले, आणि ती फतेहपूर सिक्रीला पोहोचली १५८२ मध्ये.

म्हणून हजला निघालेला माणूस गावभर फिरून बोलाचाली माफ करून घेत असे, देणी चुकती करीत असे, वसियत लिहीत असे. ती नुसती रीत नव्हती. अंतराचा तो खरा हिशेब होता. आज पंधरा दिवसांच्या उमऱ्याला निघणारेही माफी मागतात, पण व्हॉट्सॲपवर एकच मजकूर तीनशे जणांना पाठवून. आम्हाला हे आवडत नाही, हे सांगून ठेवतो. माफी मागायची तर ज्याच्याशी खरोखर भांडण आहे त्या एका घरी जावे. उरलेल्या दोनशे नव्याण्णवांनी कधी काही धरलेलेच नसते.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना एक गोष्ट नेहमी हाती लागते. मराठीत 'मजल दरमजल करीत' म्हणतात. तो मजल म्हणजे आपला 'मंजिल'च, अरबीतला उतरण्याचा मुक्काम. कोळी भाऊ ज्याला 'नाखवा' म्हणतात तो फारसीतला नाखुदा, जहाजाचा धनी. आपल्या फिकहमध्येही मुसाफिरीचे अंतर मुळात किलोमीटरमध्ये नाही, मुक्कामांत आहे : इतक्या दिवसांची वाट, इतक्या मजला. नंतर त्याचे मैल झाले, मैलांचे किलोमीटर झाले. जुन्या लोकांना माहीत होते की माणूस अंतर चालतो ते दिवसांनी आणि थकव्याने, आकड्याने नव्हे.

त्याच जुन्या मापाने आजचा प्रवास मोजून पाहू. विमानतळापासून न मोजता उंबरठ्यापासून मोजू.

समजा, खेड तालुक्यातल्या एका गावातून आजी-आजोबा उमऱ्याला निघाले आहेत. खेड ते सहार विमानतळ सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. कशेडी, माणगावची कोंडी, पेण, पनवेल आणि मग मुंबईची गर्दी. सहा तास चांगल्या दिवशी, सात-आठ गणपतीच्या आणि सुट्टीच्या दिवसांत. म्हणजे पहिले सव्वादोनशे किलोमीटर आणि पुढचे साडेतीन हजार, दोघांना वेळ जवळपास सारखाच. विमानतळावर तीन-साडेतीन तास आधी. मग सव्वापाच तास हवेत. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान, गर्दीप्रमाणे दीड-दोन तास. जेद्दा ते मक्का सुमारे ८० किलोमीटर, बसने दीड तास. (जेद्दा विमानतळावरून मक्का आणि मदीना दोन्हीकडे हरमैन रेल्वे धावते. ती वेगवान आहे, पण उमऱ्याचा जथा बहुधा बसनेच जातो.) बेरीज करा : साडेसहा, साडेतीन, सव्वापाच, दोन, दीड. पावणेएकोणीस तास. आणि हे सगळे वेळेवर झाले तर.

आता अडचण अशी की आजीला घरात सगळ्यांनी सांगितलेले असते, 'पाच तास तर लागतात!' ती त्या हिशेबाने पाणी कमी पिते, जेवण टाळते, गोळी 'पोहोचल्यावर घेऊ' म्हणते. पोहोचते तेव्हा अठरा तास होऊन गेलेले असतात, पाय सुजलेले असतात, आणि जथ्यातले तरुण म्हणतात, चला, लगेच उमरा करून घेऊ. सफा-मरवाचे सात फेरे म्हणजेच तीन किलोमीटरच्या वर चालणे; तवाफ वेगळा. खोलीवर जाऊन, खाऊन, चार तास झोपून मग उमरा केला तर एहराम काही मोडत नाही. एहरामच्या पाबंद्या तेवढ्या पाळायच्या. घरातल्या मुलांनी हे जथ्याच्या प्रमुखाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, आजीवर सोडू नये. ती सगळ्यांसमोर 'मी थकले' म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट तिकिटाची. 'डायरेक्ट' आणि 'नॉन-स्टॉप' हे दोन शब्द एक नाहीत. डायरेक्ट विमान मधे एखाद्या शहरात उतरून पुन्हा उडू शकते. विमानाचा क्रमांक बदलत नाही, म्हणून ते डायरेक्ट. न थांबणारे ते नॉन-स्टॉप. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका एजंटाने 'डायरेक्टच आहे' म्हणून तिकिटे दिली आणि सत्तरीतल्या आई-वडिलांना खाडीतल्या एका विमानतळावर लोखंडी खुर्च्यांवर रात्र काढावी लागली. एजंट खोटे बोलला नव्हता. त्याने शब्द वापरला आणि घरच्यांनी अर्थ लावला. मस्कत, शारजा किंवा दुसऱ्या शहरावरून जाणारी तिकिटे स्वस्त असतात, पण सव्वापाच तासांचे नऊ-दहा होतात, कधी चौदाही. तरुण माणसाने पैसे वाचवावेत. म्हाताऱ्यांच्या तिकिटावर वाचवू नयेत. पैसे देण्यापूर्वी कागदावर तीनच गोष्टी पाहा : निघण्याची वेळ, उतरण्याची वेळ, मधे कुठे थांबा. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात, तेव्हा अडीच तास धरायला विसरू नका.

साखरेच्या रोग्यांनी इन्सुलिनची वेळ या अडीच तासांप्रमाणे कशी बदलायची ते डॉक्टरांकडून लिहूनच आणावे. औषधे हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्यांबाबत सौदीचे नियम कडक आहेत, त्या असतील तर आधी चौकशी करावी. विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, यावरून अंदाज यावा. ज्यांना दम लागतो त्यांनी हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. आणि मुलाला मसाला पाठवत असाल तर त्यात खसखस नको. तिकडे ती बंदी असलेल्या मालात मोडते, मग ती तुमच्या अम्मीच्या हातची का असेना.

मीकातीची गोष्टही वेगाशीच जोडलेली आहे. जहाजाच्या काळात हिंदुस्थानी हाजी यलमलमच्या समोर आले की भोंगा वाजे आणि सगळे सावकाश एहराम बांधत. विमान तायफच्या बाजूने, कर्नुल मनाजिलच्या आसपासून येते आणि मिनिटाला दहा-बारा किलोमीटर कापते. सूचना होते तोवर मीकात आलीच म्हणा. स्वच्छतागृहापुढे रांग लागते, कुणी झोपलेले असते. एहरामची वस्त्रे मुंबईतच घालून बसावे आणि नियत सूचनेबरोबर, किंवा थोडी आधीच करावी. आधी केलेली चालते, नंतरची चालत नाही.

आता तो तिसरा प्रश्न. हे लिहावे की नाही, यावर आम्ही बराच विचार केला. पण कोकणात असा मोहल्ला नाही जिथे हे घडलेले नाही.

समजा, पहाटे ५ वाजता घरात इंतकाल झाला. जेद्दात तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात. मुलगा फोन उचलतो. त्याच दिवशी सकाळी अकराच्या विमानात जागा मिळाली, असे धरू. मिळतेच असे नाही. ते मुंबईत संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी उतरेल. बाहेर पडायला साडेसात. पुढे खेडपर्यंत सहा तास. रात्रीचा दीड. सगळे जमून आले तर साडेवीस तास. सकाळचे विमान चुकले आणि रात्री अकराचे मिळाले तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजून २०, गावात दुपारी दोन. तेहतीस तास. आणि इकडे अंगणात बसलेले कुणीतरी मोबाईल पाहून म्हणत असते, 'सव्वापाच तास तर आहेत, थांबू या.'

या एका वाक्यावरून आम्ही सख्ख्या भावांत वर्षानुवर्षांचा अबोला पाहिला आहे. थांबले नाही म्हणून एकीकडे, थांबवले म्हणून दुसरीकडे. जनाज्यात उशीर करू नये ही हदीसची शिकवण सगळ्यांना माहीत असते. आणि बापाचे तोंड शेवटचे पाहायला मिळावे ही मुलाची तडफडही सगळ्यांना दिसते. त्या क्षणी अंगणात बसून याचा निवाडा करणे कुणालाही जमत नाही, मग जो मोठ्याने बोलतो त्याचे चालते.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका निवृत्त खलाशाने हे आपल्या हयातीत, धडधाकट असताना मिटवून ठेवले होते. उमर समुद्रावर गेलेली, त्यामुळे अंतराविषयी त्यांच्या मनात काही भ्रम नव्हता. स्वतःच्या वालिदच्या वेळी ते अटलांटिकवर होते. खबर बंदराला लागल्यावर मिळाली. ईदला दोन्ही मुले घरी असताना त्यांनी जेवणानंतर सांगितले : माझ्यासाठी कुणाची वाट पाहायची नाही, पुढच्या नमाजला उचला, जो तिकडे असेल त्याने तिकडे नमाज पढावी, पैसे उधार घेऊन धावत येऊ नये, चाळिसाव्या दिवशी आला तरी मी तिथेच असेन. त्यांची बीवी रागावून उठून गेली. पण पाच वर्षांनी तो दिवस आला तेव्हा कुणी कुणाला काही विचारले नाही. पहाटे गेले, जोहरनंतर दफन झाले. जेद्दातल्या मुलाने आपल्या खोलीतल्या चार साथीदारांसह गायबाना जनाजा पढली. शाफई मसलकात तशी मुभा आहे. हनफी घरांनी आपल्या आलिमांना विचारून ठेवावे. तो दुसऱ्या दिवशी असरच्या सुमाराला आला आणि गाडीतूनच कब्रस्तानात गेला. मोठ्या भावाने फाटकाशी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एवढेच. आजही ते दोघे एका ताटात जेवतात.

वाट पाहूच नये, असा आमचा आग्रह नाही. कुठे आईने सांगितलेले असते की धाकट्याला येऊ द्या, आणि थोडे थांबणे शक्य असते. पण जे ठरवायचे ते खऱ्या वेळेवर ठरवावे, साडेवीस किंवा तेहतीस तासांवर, मोबाईलवरच्या सव्वापाचवर नव्हे. आणि ज्याचा जनाजा त्यानेच सांगितलेले सर्वांत चांगले.

तिकडे असलेल्या मुलांसाठी एक-दोन गोष्टी. मार्च २०२१ पासून सौदीत खाजगी कंपन्यांतल्या बहुतेक परदेशी कामगारांना खुरूज-औदा, म्हणजे जाऊन परत येण्याचा व्हिसा, मालकाच्या संमतीवाचून 'अबशर'वर स्वतः काढता येतो. घरकाम करणारे, घरचे ड्रायव्हर, माळी यांना ही सोय नाही. त्यांना आजही मालकाकडेच जावे लागते, आणि त्यांच्या घरच्यांनी तेवढे तास आपल्या हिशेबात आणखी धरावेत. इकामा चालू असला पाहिजे, अबशरचा पासवर्ड आठवत असला पाहिजे, खात्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू असला पाहिजे. एका तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेले असले पाहिजेत. अडीच वाजता रात्री कुणाकडे मागणार? आणि पासपोर्ट स्वतःजवळ असला पाहिजे. तो मालकाने ठेवून घेणे तिकडच्या कायद्यातही बसत नाही. त्याची मुदत कधी संपते, हे पुष्कळ मुलांना सांगता येत नाही. या जुम्म्याला फोन येईल तेव्हा तब्येत विचारून झाली की तारीख विचारा आणि घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.